घराखालची काळी बिअर

आमचे काका बिअर ऐकायचे. बिअर पिणारे मी पुष्कळ पाहिलेत, पिऊन ऐकवणारे तर त्याहून जास्त. पण बंद बाटलीला कान लावून, डोळे मिटून बसणारा माणूस मला न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थमध्ये भेटला आणि तो चक्क सदाशिव पेठेतला निघाला. आधी बाटली उजेडाकडे धरायची, मग हळूच तिरकी करायची, तळाचा गाळ बघायचा, कान लावायचा आणि पुन्हा होती तिथे ठेवून द्यायची. "अजून झाली नाही."

"कान लावून काय कळतं हो काका?"

"कळतं."

बास.

हे काका माझे कुणी नव्हते, घरमालक होते. पण घरमालक म्हटलं की त्यांना राग यायचा. माझं मास्टर्स संपलं होतं, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती आणि त्यांच्या परसातल्या एका खोलीत मी भाड्याने राहत होते. त्या खोलीला तिथे स्लीपआउट म्हणतात. आईशी बोलायला डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, कॉलिंग कार्ड आणायचं आणि अर्धं कार्ड 'आवाज येतोय का' विचारण्यात संपवायचं, असे ते दिवस. काका दुधाच्या पावडरीच्या कारखान्यात मशीनं सांभाळायचे. उंच, सडसडीत, डोक्यावर बारा महिने माकडटोपी. पायात मोजे आणि त्या मोज्यांवर जँडल्स. रबरी स्लिपरचा पट्टा मोज्यात रुतून अंगठा असा वेगळा निघायचा की बघवायचं नाही. त्या अवतारात ते सुपरमार्केटमध्ये जायचे. मी मागच्या मागे दुसऱ्या रांगेत सटकायचे.

काकांचा स्वभाव असा, की कुठलीच वस्तू आणली आणि वापरली, हे त्यांच्याकडून व्हायचं नाही. गाडी घेऊन काही वर्षं झाली होती तरी सीटांवरचं प्लॅस्टिक तसंच होतं, बसलं की करकर वाजायचं. हापूसच्या रसाचा डबा 'काहीतरी निमित्त' येईल म्हणून फळीवर ठेवलेला, आणि निमित्त आलं तेव्हा डबा फुगलेला. केळी तर काळी झाल्याशिवाय त्यांना केळी वाटायचीच नाहीत. शेजारच्या म्हाताऱ्याने एका ख्रिसमसला त्यांना जाड लोकरीचा, लाल-काळ्या चौकटींचा शर्ट दिला होता. शेतावरचे लोक घालतात तसला. तो आपला पिशवीतच. कधी घालणार विचारलं की, "घालू ना. घाई कुठे आहे?"

काकू म्हणायच्या, "अगं, आमचं लग्न ठरलं तेव्हाही हे हेच म्हणाले होते. माझ्या वडिलांनी तारीख काढून हातात दिली म्हणून, नाहीतर मी अजून माहेरीच असते."

या माणसाला बिअर लावली कुणी? त्याच म्हाताऱ्याने. ही गोष्ट मी येण्याआधीची, काकूंच्या तोंडून ऐकलेली. हे दोघं नवे नवे राहायला आले तेव्हा कुंपणावरून एक म्हातारा डोकावला. कडाक्याच्या थंडीत हाफ चड्डी, गमबूट, हातात तपकिरी बाटली. "किया ओरा!" म्हणाला, म्हणजे तिथला नमस्कार. "घरची आहे, मेट." काकांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. पण पहिल्याच दिवशी शेजाऱ्याला नाही कसं म्हणायचं? घेतली, थँक्यू म्हणाले. आता हिचं करायचं काय? टाकून द्यावी तर दिलेली वस्तू, प्यावी तर पंचाईत. शेवटी काकूंनी ती कुळथाच्या पिठामागे लपवली, देवांना दिसू नये म्हणून. तिथे ती वर्षभर पडून राहिली.

वर्षाने म्हातारा चहाला आला आणि पिठाच्या उघड्या कपाटाकडे बघून म्हणाला, "ती माझी बाटली आहे का?" काका असे ओशाळले की त्यांनी तिथल्या तिथे ती उघडली आणि तीन स्टीलच्या पेल्यांत ओतली. म्हाताऱ्याने घोट घेतला. पेल्यात बघितलं, पुन्हा घोट घेतला. आयुष्यभर तो घरी बिअर गाळत होता, पण आपली बिअर वर्षभराने कशी लागते ते त्याला ठाऊकच नव्हतं. कारण त्याच्या घरात वर्षभर ती उरली होती कधी? काकांनीही धीर करून एक घोट घेतला. कडू लागेल म्हणून तोंड आधीच वाकडं केलेलं, ते तसंच राहिलं. काकू म्हणाल्या, "मला तर बाई आवडली. जराशी गुळासारखी लागत होती."

झालं! त्या दिवसापासून काकांना साक्षात्कार. घाईने पिणाऱ्यांना बिअर कळलेलीच नाही, असं त्यांचं ठाम मत झालं. म्हाताऱ्याच्या हाताखाली शिकले, सुपरमार्केटमधून माल्टचे, म्हणजे मोड आलेल्या सातूच्या अर्काचे, डबे आणले, प्लॅस्टिकचं पिंप आणलं आणि सुरू झाले. मला उभं करून शिकवायचे. "फिकी असेल तर दोन-तीन महिन्यांत संपवावी. तिच्यात धरून ठेवायला काही नसतं. तपकिरी असेल तर सहा महिने. काळी, जोरदार असेल तर ती वर्षानुवर्षं थांबते. आतलं यीस्ट सावकाश काम करत असतं. उभी ठेवायची, अंधारात, गारव्यात."

"आणि प्यायची कधी?"

"झाली की."

आणि एवढं सगळं करून स्वतः पिणार किती? अर्धा पेला. तोही आचमन घेतल्यासारखा.

तिथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट असतं, चोवीस तास उबदार. काकूंचं दह्याचं विरजण त्यात लागायचं आणि इडलीचं पीठ फुगायचं. काकांचं पिंपही तिथेच लागायचं. त्यावरून घरात रोज महाभारत. "अहो, तुमच्या त्या बुडबुड्यांचा वास माझ्या इडल्यांना लागतो!" "तुझ्या पिठाचे जंतू माझ्या पिंपात शिरतील!" शेवटी वरची फळी दह्याची, खालची बिअरची, असा तह झाला. मी तुम्हाला खरं सांगते, त्या घरच्या इडल्यांइतक्या हलक्या इडल्या मी पुन्हा कुठे खाल्ल्या नाहीत. कुणाचे जंतू कुठे शिरले होते, देव जाणे.

बाटल्या भरल्या की घराखाली जायच्या. लाकडी घर खुंटांवर उभं, खाली सरपटत जाण्याएवढी जागा, तिथे बारमाही गारवा. काका टॉर्च घेऊन पोटावर सरपटत आत शिरायचे. वर काकू पोळ्या लाटत असायच्या आणि पायाखालून आवाज यायचा, "अजून झाली नाही!" काकू लाटण्याने जमिनीवर दोनदा ठोकायच्या. ऐकू आलं, असा त्याचा अर्थ.

एका दिवाळीची गंमत सांगते. गावातली सगळी मराठी मंडळी लक्ष्मीपूजनाला काकांकडे जमलेली. तिथे दिवाळीच्या सुमाराला गोऱ्यांचेही फटाके असतात, त्यामुळे बाहेर फटफट चाललेलीच होती. आम्ही आरती म्हणतोय आणि एकदम फट्ट! मग फट्ट, फट्ट! कुणीतरी म्हणालं, "आज लवकर सुरुवात केली वाटतं पोरांनी." पण मी बघितलं, काकांचा चेहरा पांढराफटक. फटाके पायाखाली वाजत होते. बाटल्या भरताना काकांनी साखर एकदा घातली होती आणि घातली की नाही अशी शंका आली म्हणून पुन्हा एकदा घातली होती. दुप्पट साखरेचा दुप्पट गॅस झाला आणि बाटल्या फुटल्या, हे सगळं नंतर कळलं. तेव्हा नुसता फळ्यांच्या फटींतून घमघमाट वर यायला लागला. सोवळ्यातली एक आजी नाक वर करून म्हणाली, "कसला गं वास?" काकू आरतीचं ताट हातात तसंच धरून म्हणाल्या, "इडलीचं पीठ उतू गेलं." आणि आरती दुप्पट आवाजात सुरू केली.

कुंपणापलीकडे म्हातारा पोट धरून हसत होता. दुसऱ्या दिवशी बादली आणि झाडू घेऊन तोच आला. दोघं दिवसभर घराखाली काचा वेचत होते. एकाच्या डोक्यावर माकडटोपी, दुसऱ्याच्या डोक्यावर काकूंचं भगोणं, न जाणो अजून एखादी फुटली तर! मी लॅबमधून आले तेव्हा दोघांचे फक्त पाय बाहेर दिसत होते.

काचा वेचतानाच त्यांचं ठरलं. दोघांनी मिळून एक काळी करायची. जोरदार, माल्ट दुप्पट, आणि साखर म्हातारा मोजणार. केली. निम्म्या बाटल्या त्याच्या, निम्म्या काकांच्या. आणि तिथेच ठिणगी पडली. काका म्हणाले, "दोन हिवाळे हात लावायचा नाही." म्हातारा म्हणाला, "मेट, ही बिअर आहे, मृत्युपत्र नाही." दोघंही हट्टी. म्हाताऱ्याने आपला वाटा एका हिवाळ्यात फस्त केला. रोज संध्याकाळी कुंपणाशी यायचा, पेला उंच करून दाखवायचा, म्हणायचा, "लव्हली!" आणि तळाचा गाळ कुंपणालगतच्या आपल्या प्लमच्या झाडाला ओतायचा. काका खिडकीचा पडदा ओढून घ्यायचे. मग घराखाली जाऊन आपल्या बाटल्या बघून यायचे.

काकू म्हणाल्या, "अहो, सारखं हलवून पाहिलं तर दही तरी लागतं का?"

"ही बिअर आहे."

"तेच म्हणतेय मी. जीव आहे तिच्यातही."

दुसरा हिवाळा यायच्या आत म्हातारा आजारी पडला. छातीचं दुखणं जुनंच होतं, ते वाढलं. बायको केव्हाच गेलेली, मुलगा पर्थला. त्याला रेस्टहोममध्ये, म्हणजे तिथल्या वृद्धाश्रमात, हलवलं. काका दर रविवारी जायचे, मी गाडी चालवायला. काका खुर्ची ओढून बसायचे, दोघं टीव्हीवर रग्बी बघायचे. काकांना त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हातारा ओरडला की हेही ओरडायचे. हळूहळू म्हाताऱ्याचं ओरडणं बंद झालं, नुसता हात वर व्हायचा. काकाही मग हातच वर करायचे.

एका रविवारी निघताना म्हातारा म्हणाला, "मेट, पुढच्या वेळी त्या काळीची एक बाटली आण."

काका म्हणाले, "अजून झाली नाही. एक हिवाळा जायचाय."

मला असा राग आला म्हणून सांगू! गाडीत बसल्या बसल्या म्हटलं, "काका, त्यांची अवस्था दिसत नाही का तुम्हाला? मी लॅबमध्ये आहे, मला कळतं. पुढचा हिवाळा..."

"गाडी चालव," काका म्हणाले. सीटचं प्लॅस्टिक करकरलं.

घरी मी काकूंना सांगितलं. काकू ओट्याशी लिंबाच्या लोणच्याची बरणी पुसत होत्या. बरणी खाली ठेवली आणि बाहेर आल्या. काकू कधी आवाज चढवायच्या नाहीत, तेव्हाही चढवला नाही. "अहो, लोणचं माझंही वर्षाने मुरतं. पण म्हणून मी वर्षभर ते वाढत नाही का? तुम्हाला बाटलीची काळजी नाहीये. ती उघडली तर तो जाणार हे कबूल केल्यासारखं होईल, म्हणून तुम्ही नाही म्हणताय. पण तुम्ही बाटली बंद ठेवलीत म्हणून तो थांबणार आहे का?"

काका जँडल्सकडे बघत बसले. जेवले नाहीत. मीही माझ्या खोलीत जाऊन पडले.

सकाळी दूध आणायला बाहेर आले, तर घराखालून काकांचे पाय बाहेर आलेले. टॉर्च तोंडात धरून सरपटत मागे येत होते आणि दोन्ही हातांत ती बाटली, अंगावरचं लेकरू असावं तशी. "हळू चालव हं," मला म्हणाले, "गाळ हलेल." बाटली मांडीवर उभी धरून बसले. मी पामर्स्टन नॉर्थच्या सरळसोट रस्त्यावर बैलगाडीच्या वेगाने चालले होते. मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न सहसा न वाजवणारे ते लोक, त्यांनीही वाजवला. वळण आलं की काका बाटलीबरोबर स्वतःही कलायचे.

नर्सने बाटली बघितली, आम्हाला बघितलं, म्हणाली, "मी काही पाहिलेलं नाही. स्वीट ॲज," म्हणजे काही हरकत नाही, आणि दार ओढून घेतलं. काकांनी पिशवीतून ते जुने स्टीलचे पेले काढले. तसूतसूने ओतली. काळीकुट्ट, वर बदामी फेस. एक पेला म्हाताऱ्याला, एक मला. स्वतः घेतली नाही. "ही त्याची बाटली. माझी मी दुसऱ्या हिवाळ्यानंतर उघडीन."

मी घोट घेतला. बिअर मला आवडत नाही, आजही नाही. पण ती! काकवी, मनुका, कुठेतरी भाजल्याचा वास, आणि घशाखाली उतरल्यावर छातीत सावकाश पसरणारी ऊब. मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी तोंड मिटलं.

त्याने बराच वेळ घोट तोंडात ठेवला. काका खुर्चीच्या कडेवर आलेले. परीक्षेचा निकाल लागायचा असतो तसा चेहरा. म्हाताऱ्याने मान हलवली. "नाही, मेट. तुझंच बरोबर. अजून झाली नाही. आणखी एक हिवाळा दे तिला."

काय सांगू, काकांचा चेहरा असा उजळला! मला म्हणाले, "बघ! मी काय सांगत होतो?" मग दोघं कितीतरी वेळ माल्ट, साखर, गारवा असं काहीबाही बोलत बसले. आणि बोलता बोलता म्हाताऱ्याने ती 'न झालेली' बिअर सगळी संपवली. काका पेला धुवायला न्यायला लागले, तर त्याने बोटाने तळाचा फेसही पुसून घेतला.

पुढच्या रविवारपर्यंत तो राहिला नाही.

हिवाळा आला. डोंगरावरच्या पवनचक्क्या धुक्यात दिसेनाशा झाल्या, शेजारचं घर विकलं गेलं. काका आता घराखाली रोज जायला लागले. काकूंनीही बोलायचं सोडून दिलं. मग प्लमला फुलं आली, तशी एका शनिवारी दुपारी काकांनी आम्हाला दोघींना टेबलाशी बसवलं. मधोमध बाटली. टोपीसुद्धा काढून ठेवली होती, म्हणजे बघा.

झाकण उघडलं. फुस्स झालंच नाही. बिअर पेल्यात पडली ती पाण्यासारखी, फेस नाही. मी घोट घेतला आणि कसाबसा गिळला. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव, मागून आंबट. काकूंनी पेला हळूच बाजूला सरकवला. काकांनी दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळ्या तशाच.

काका काढलेल्या झाकणाशी चाळा करत होते. मग मान वर न करता मला म्हणाले, "तू चाखली होतीस ना तिथे? तेव्हा कशी होती?"

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली, सांग.

"फार छान होती काका. इतकी छान मी पुन्हा काही प्यायले नाही."

"म्हणजे तेव्हाच झाली होती."

"हो."

"आणि त्याला कळलं होतं."

"त्यांना नाही कळणार तर कुणाला?"

काका हसायला लागले. "बदमाश!" म्हणाले. "मरता मरता मला जिंकू दिलं." हसता हसता चष्मा काढला आणि मग हसणं राहिलं नाही. काकू उठल्या, त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मलाही रडू आवरेना. त्या पुठ्ठ्याच्या चवीचा अख्खा पेला काकांनी आमच्यासमोर संपवला, एक थेंब ठेवला नाही. काका पूर्ण पेला प्यालेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मग उरलेल्या बाटल्या कुंपणाशी नेल्या आणि पलीकडे झुकून प्लमच्या बुंध्याशी ओतायला लागले.

"अहो, झाड मरेल," काकू म्हणाल्या.

"मरत नाही. त्याला सवय आहे."

त्यानंतर काही दिवसांनी, संध्याकाळी माझ्या दारावर टकटक झाली. काका होते. अंगात लाल-काळ्या चौकटींचा तो लोकरी शर्ट, पिशवीतल्या घड्या अजून तशाच उमटलेल्या. मागे काकू, हातात लोणच्याची वाटी. काकांच्या हातात बाटली, आतली बिअर ताकासारखी गढूळ. मागच्याच आठवड्यात भरताना मी पाहिली होती.

"काका, ही झाली?"

"छे! अजून कुठली," काका म्हणाले. "पेला आण."